विजयदुर्गचे ओटे आणि हेलियमची आख्यायिका

सूर्याच्या वातावरणाच्या अभ्यासाच्या इतिहासात विजयदुर्गास स्थान आहे, हे निर्विवाद होय. परंतु ते ज्या कारणास्तव दिले जाते, ते कारण तपासणे अवश्य आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी या गडावरील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले व हेलियम शोधला, असे सर्रास लिहिले जाते.

त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. पिएर जान्सेन यांनी गुंटूर येथून, तर पॉगसन यांनी मछलीपट्टणम येथून निरीक्षण केले. निरीक्षकांना सौरज्वालांच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली. ती प्रथम सोडियमची मानली गेली. लॉकियर यांनी २० ऑक्टोबर रोजी ग्रहणाविनाच या ज्वालांचा वर्णपट मिळविला. रेषेची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर, सोडियमच्या रेषांची ५८९.० व ५८९.६, या अंतरातूनच नव्या मूलद्रव्याची कल्पना निघाली.

आख्यायिकेविरुद्ध दुसरी साक्ष आकाशाची आहे. ऑगस्टात अरबी समुद्रावरील बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंडावतात व कोकणावर मेघ दाटतात. अशा ऋतूत या किनाऱ्यावर ग्रहणनिरीक्षण योजणे धाडसाचेच ठरते. जानेवारीत मात्र कोरडे वारे व खाली उतरणारी हवा मेघांना वाढू देत नाहीत. लॉकियर विजयदुर्गास खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील नाविक त्यांच्या साहाय्यास होते. तत्पूर्वी, १८९५ मध्येच, रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरील खनिजात सापडला होता.

मग ही गल्लत का व्हावी? ‘साहेब’ हा शब्द अधिकार सांगतो. नाव वा वर्ष सांगत नाही. लोकस्मृतीने स्थळ व व्यक्ती जपली; वर्षाची रिकामी जागा लेखकांनी पाठ्यपुस्तकातील प्रसिद्ध सनाने भरली. ‘हेलियम’ या नावाचेही तसेच आहे: त्यातील धातुवाचक प्रत्यय आरंभीच्या तर्काचा अवशेष असून, द्रव्य वायुरूप ठरल्यावरही तो टिकला.

अशा लेखनात दोष केवळ तारखेचा नाही. उसन्या कीर्तीपायी १८९८ चे प्रत्यक्ष घडलेले कार्य झाकले जाते. स्थानिक परंपरेचा आदर करावयाचा, तर तिने जे जपले ते आणि लेखकांनी तिला जे जोडले ते, यांतील भेद अभ्यासकाने प्रथम दाखविला पाहिजे.