उदयभानाची बाजू

हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. १९३३ साली शांतारामबापूंनी तीच कथा ‘प्रभात’च्या बोलपटात आणली. दोराने कडा चढणारे मावळे पडद्यास शोभून दिसतात, यात वाद नाही. आमचा आक्षेप आहे तो खलनायकाविषयी.

सती जाऊ पाहणाऱ्या कमलकुमारीस उदयभान पळवितो, हे कादंबरीकाराचे कल्पित होय. पण बंदिवान रजपूत स्त्री आणि तिच्यामागे लागलेला उदयभान २०२० सालच्या ‘तान्हाजी’तही भेटतात. इतिहासाच्या न्यायासनापुढे हा आरोप पुराव्याअभावी टिकणार नाही. १६७० साली हाती सोपविलेला गड राखताना उदयभान लढून पडला, हे मात्र खरे.

आम्हां बीदरकरांस हे सहज पटावे. १६५७ साली औरंगजेबाच्या वेढ्यात सिद्दी मर्जानने आमचा किल्ला २७ दिवस झुंजविला; दारूच्या स्फोटात तो प्राणांतिक भाजला, तेव्हाच किल्ला पडला. मर्जानच्या निष्ठेस आम्ही मान देतो. मग उदयभानाच्या का देऊ नये? प्रतिपक्ष हीन रंगविला की तानाजीचाच पराक्रम उणा होतो. तोलामोलाच्या वीराशी झुंजला, म्हणूनच तो सिंह!