घिरट्या, होल्ड आणि उतरंड

‘विमान बराच वेळ हवेत घिरट्या घालत होतं.’ बातमीतलं हे वाक्य मला दर वेळी खटकतं. घिरट्या घारीच्या. तिच्या फेऱ्यांना ठरलेलं माप नसतं. विमानाच्या फेरीला असतं, आणि ते माप ज्या शब्दांत साठवलंय ते शब्द एखाद्या कवितेसारखे सावकाश वाचावेत असे आहेत.

त्यातला पहिला शब्द शिकाऊ वैमानिकांच्या विमानतळावर भेटतो. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेलं बिरसीचं विमानतळ १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि बिरसी त्यात गेलं. आज तिथे वैमानिक घडतात. शिकाऊ विमान धावपट्टीच्या अंगाने आकाशात लांबट चौकोन आखतं, त्याला म्हणतात ‘सर्किट’. त्याचे टप्पे: अपविंड, क्रॉसविंड, डाउनविंड, बेस, फायनल. पाचांतली तीन नावं वाऱ्याची! विमान वाऱ्याला सामोरं जात उतरतं, म्हणून धावपट्टीला समांतर उलट जाताना वारा पाठीशी असतो, तो डाउनविंड. धान उफणणाऱ्या भंडाऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. सूप उचलण्याआधी तो वारा कुठून येतोय ते बघतोच. आणि झाडाचं पान हलत नसलं तरी ती बाजू डाउनविंडच. वारा पडतो, नाव पडत नाही.

‘होल्ड’ची जात निराळी. शब्द म्हणतो थांब, आणि विमानाला तर थांबता येत नाही. मग ते एका ठरलेल्या बिंदूपाशी लांबोळकी फेरी धरतं: दोन सरळ बाजू, दोन वळणं. १४,००० फुटांपर्यंत, वारा नसताना, प्रत्येकाला साधारण एक मिनिट. म्हणजे फेरी चार मिनिटांची. वारा असला की वैमानिक दिशा आणि वेळ दोन्ही सावरून घेतो. सर्किटची वळणं सहसा डावी, होल्डची सहसा उजवी. नुसता एक पूर्ण गोल घेतला तर तो ‘ऑर्बिट’. घिरट्या म्हटलं की हे सगळे भेद एका फटक्यात पुसले जातात.

एकाच बिंदूवर अनेक विमानं थांबली की ती हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक रचतात. या ‘स्टॅक’ला मला आपला उतरंड शब्द फार जवळचा वाटतो. फरक एवढाच, की घरातल्या उतरंडीतलं वरचं मडकं आधी निघतं. इथे तळातलं विमान आधी सुटतं, मग त्याच्यावरचं हजार फूट खाली सरकतं, मग त्याच्याही वरचं.