लग्न मोडावें कसें?

घर बांधून पाहावें आणि लग्न करून पाहावें, असें आपले वाडवडील सांगत आले. लग्न मोडून पाहावें असें मात्र कोणीं सांगितलें नाहीं; कारण तो अनुभव ज्याच्या घरीं येतो त्याला सांगावा लागत नाहीं, आणि इतरांस तो ऐकण्याची हौस असली तरी घेण्याची नसते. असें असूनहि मराठी नाटककारांना, व त्यांच्या मागून आलेल्या चित्रपटकारांना, मोडूं घातलेलें लग्न जितकें उपयोगी पडलें तितकें सुखरूप पार पडलेलें लग्न क्वचितच पडलें असेल.

श्री. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हा २०१० सालचा चित्रपट व त्याचा २०१५ सालीं निघालेला दुसरा भाग हे दोन्ही आम्हीं नुकतेच पाठोपाठ पाहिले, आणि हा विषय मनांत पुन्हा घोळूं लागला. (योगायोग असा कीं, भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासाचा शोध घेणारे इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ सालीं देह ठेवला तो आमच्या धुळ्यास. त्या राजवाड्यांनीं विवाह कसा उत्पन्न झाला तें शोधलें. या राजवाड्यांनीं तो टाळूं पाहणारी मुलगी दाखविली. विद्वत्तेची तुलना येथें अर्थातच अभिप्रेत नाहीं.)

पहिल्या चित्रपटाचें कथानक दोन ओळींत सांगतां येईल. मुंबईची एक मुलगी पुण्यास येते ती सांगून आलेल्या स्थळाला नकार देण्याचें ठरवूनच. तेथें तिला एक पुणेरी तरुण भेटतो, आणि तो दिवस दोघेंहि बोलत, भांडत, गांवभर हिंडत काढतात. पुढें काय होतें तें सांगून पाहणाराची गंमत घालविण्याचें आम्हांस कारण नाहीं. श्रीमती मुक्ता बर्वे आणि श्री. स्वप्निल जोशी या दोघांनींच जवळजवळ सारा पट तोलून धरला आहे. परदेशचे देखावे नाहींत, खलपुरुष नाहीं, मोठा लवाजमा नाहीं. एक दिवस, एक शहर आणि दोन माणसें. आरंभींच्या मुंबई श्रेष्ठ कीं पुणें श्रेष्ठ या वादांतल्या कांहीं कोट्या शिळ्या आहेत, आणि खानदेशांतल्या माणसाला तर त्या वादांत बाजू घेण्याचें कारणच पडत नाहीं. त्याला दोन्ही शहरें सारखींच दूर. परंतु थोड्याच वेळांत कोट्या मागें पडतात आणि दोन माणसें एकमेकांस पारखूं लागतात. दाखविण्यास दुसरें कांहीं नसल्यामुळें चित्रपटकर्त्यांना संभाषणावर मेहनत घ्यावी लागली, आणि ती फळाला आली. अमेरिकेंत फ्रँक कॅप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा १९३४ सालचा चित्रपट असाच थोडक्या पैशांत, सुमारे चार आठवड्यांत उरकलेला. त्यांतली श्रीमंताची लेक ऐन विवाहवेदीपासून पळून जाते. त्या चित्रपटाला ऑस्करचीं पांच प्रमुख पारितोषिकें मिळालीं, आणि १९५६ सालच्या ‘चोरी चोरी’च्या रूपानें तो आपल्याकडेहि आला.

पण आमच्या मतें या चित्रपटाचें महत्त्व त्याच्या काटकसरींत नाहीं. तें एका प्रश्नांत आहे: लग्न मोडण्याचा अधिकार कोणाचा?

देवलांची ‘शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आली. तेथेंहि लग्न मोडतें, आणि तें ऐन बोहल्यावर. वर वृद्ध भुजंगनाथ; वधू कोवळी शारदा; मध्यें पैशाला हपापलेला बाप कांचनभट आणि दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित. शारदेची इच्छा कोणी विचारीत नाहीं. ती स्वतः नाहीं म्हणूं शकत नाहीं, आणि म्हणाली असती तरी कोणी ऐकलें नसतें. लग्न थांबतें तें कोदंड वधूवर सगोत्र असल्याचें उघडकीस आणतो म्हणून. म्हणजे एका मुलीचा जन्म वांचला तो तिच्या अश्रूंनीं नव्हे, तर शास्त्राच्या एका अडचणीनें. देवलांची खरी नजर मात्र यापुढच्या भागांत दिसते. लग्न मोडलें म्हणून शारदा सुटत नाहीं. बोहल्यावरून उठलेली मुलगी आतां कोण करणार, या विचारानें ती जीव द्यायला निघते, आणि कोदंड तिला वांचवितो. त्या दोघांच्या विवाहाला धर्मपीठाची संमति आणावी लागते तेव्हां कोठें नाटक सुखान्त होतें. हा शेवट कित्येकांस ओढूनताणून आणलेला वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. मोडलेल्या लग्नाचा डाग पुसण्यास त्या काळीं साधा नवरा पुरेसा नव्हता, हेंच देवल सांगत आहेत. १९२९ सालच्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात तें हरबिलास सारडा यांच्या आडनांवावरून. पण मराठी कानाला त्यांत देवलांची शारदाच ऐकूं येते, आणि त्या चुकीलाहि एक अर्थ आहे.

‘संशयकल्लोळा’ची गोष्ट निराळी. मोलिएरपासून निघून आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या हातून देवलांकडे आलेलें हें प्रहसन १९१६ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें संगीत रूपांत केलें. त्या बालगंधर्वांच्या बालपणाचीं कांहीं वर्षें आमच्या जळगांवांत गेलेलीं. अश्विनशेठ आणि रेवती यांचें जुळत आलेलें लग्न एका तसबिरीच्या घोटाळ्यानें मोडूं लागतें. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या भांडणांत प्रेक्षक इतका हंसतो कीं रेवतीकडे त्याचें लक्षच राहत नाहीं. मर्फीची नायिका सद्गृहस्थाची कन्या होती. देवलांनीं तिला नायकिणीची मुलगी केलें. हा बदल केवळ गाण्यांची सोय म्हणून केला असें मानणें आम्हांस जड जातें. घरंदाज मुलीवर संशय आला तर बाप, भाऊ, चुलते धांवून येतील. रेवतीची बाजू घेण्यास तसें कोण आहे? तिच्या बाबतींत संशय हाच पुरावा ठरतो. येथें लग्न मोडण्याचा अधिकार पुरुषाच्या मनाच्या लहरीकडे आहे.

शारदेला अधिकार नाहीं. रेवतीच्या नशिबाचा निर्णय अश्विनशेठच्या हातीं. आणि २०१० सालची मुलगी एकटी प्रवास करून स्वतः नाहीं सांगावयास जाते. मुलगा मुलीला पाहावयास येतो, ती पोहे पुढें करते आणि खालीं मान घालून बसते, ही आपली रीत या चित्रपटानें, एकहि व्याख्यान न देतां, उलटी केली आहे. येथें परगांवीं जाते ती मुलगी, आणि पारख करते तीहि मुलगीच.

वर्गांत एकदां हा विषय निघाला असतां एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, “सर, हिला नकार द्यायला घरच्यांनीं एकटीला पाठविलें कसें?” वर्ग हंसला, प्रश्न मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. धुळ्याहून चाळीसगांवला येऊन पुढें मुंबईची गाडी धरणाऱ्या मुली आज पुष्कळ आहेत. शिकण्यासाठीं जातात, नोकरीसाठीं जातात. पण ठरत आलेल्या स्थळाला तोंडावर नाहीं सांगण्यासाठीं कोणी गेल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. जळगांव काय आणि धुळें काय, सुपारी फुटली म्हणजे गोष्ट दोन माणसांची उरत नाहीं. बस्ता बांधला जातो, पत्रिका वांटल्या जातात, आचाऱ्याला आणि वाजंत्र्यांना विसार जातो, मामाच्या गांवाहून आहेराचा निरोप येतो. त्यानंतर लग्न मोडलें, तर मुलाच्या घरीं म्हणतात, बरें झालें, वेळेवर कळलें. मुलीच्या दाराशीं मात्र लोक थांबून विचारतात, काय झालें होतें हो? पुढच्या स्थळाला हा प्रश्न मुलीच्या आधीं जाऊन पोंचतो. शिकल्यासवरल्या घरांतहि याला फारसा अपवाद आम्हीं पाहिलेला नाहीं.

म्हणूनच दुसऱ्या भागानें आमची निराशा केली. त्यांत लग्न ठरलें आहे, दोन्ही घरचीं माणसें जमलीं आहेत, आणि वधूच्या मनांत चलबिचल सुरू आहे. तिचा पूर्वीचा प्रियकर पुन्हा समोर येऊन उभा राहतो. पहिल्या भागांतला नकार सोपा होता, कारण कांहीं ठरलेलेंच नव्हतें. येथें तो महाग पडणार होता, आणि लेखकाची कसोटी तेथेंच होती. अभिनय येथेंहि चांगला आहे. मुक्ता बर्वे यांचा गोंधळलेला चेहरा तर संवादांहून अधिक बोलतो. पण भोवतालचीं माणसें इतकीं गोड, इतकीं समजूतदार आहेत कीं लग्न मोडलें असतें तरी कोणाचें काय गेलें असतें हें कळत नाहीं. तिसरा भाग २०१८ सालीं आला तेव्हां तीं दोघें संसाराला लागलेलींच होतीं, तेव्हां लग्न टळण्याची भीति कितपत खरी होती तें उघडच आहे. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्यें क्लॉडिओ हीरोला भर लग्नमंडपांत झिडकारतो, तेव्हां तिचा बापहि क्षणभर तिच्यावर उलटतो. त्या एका क्षणानें तें सुखान्त नाटक अंगावर कांटा आणतें. असा एखादा बाप, एखादी घाबरलेली आई, एखादा विसार परत मागावयास गेलेला आणि दुकानाच्या पायरीवर घुटमळणारा मामा या दुसऱ्या भागांत असता, तरी विनोद कमी झाला नसता.

पहिला भाग घरांतल्या मुलीबाळींसह अवश्य पाहावा. दुसरा, सुट्टीच्या दिवशीं दुसरें कांहीं नसेल तर.