‘समावेशन’ आणि ‘पत’

बँकव्यवहाराच्या मराठी परिभाषेत ‘वित्तीय समावेशन’ हा शब्द रूढ झाला आहे. त्याची चिकित्सा व्हावयास हवी. ‘समावेशन’ हे प्रयोजक धातूपासून साधलेले नाम होय. त्यात कर्तृत्व बँकेकडे राहते आणि ग्रामस्थ केवळ कर्म ठरतो. याउलट ‘खातेदार’ या शब्दात माणूसच खात्याचा धारक आहे. महसुली दप्तरात मात्र ही संज्ञा जमीनधारकासच लागते. म्हणून मुळशीतील भरेसारख्या गावी भूमिहीन दलितास वा कातकऱ्यास ती द्यावयाची तर बँकेनेच द्यावयास हवी.

१९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. २०१४ साली जनधन योजना आली. तिने शून्य शिलकीचे खाते घरोघर नेले, हे श्रेय निर्विवाद. परंतु मराठीत ‘पत’ म्हणजे कर्ज मिळण्याची पात्रता आणि लौकिकही. खाते उघडल्याने पत येतेच असे नाही; तारण मागताच भूमिहीन पुन्हा उंबऱ्याबाहेर राहतो.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा दाखला येथे उद्बोधक आहे. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर, म्हणून तिचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. त्या स्त्रियांनी व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी दर्शविली आणि १९९७ साली बँक उभी राहिली. अक्षरज्ञान म्हणजेच व्यवहारज्ञान नव्हे, हे भाषाभ्यासकांस वेगळे सांगावयास नको.

शब्द बदलावा असा आमचा आग्रह नाही. मात्र यशाचे माप उघडलेली खाती नसून लाभलेली पत असावे, एवढे शब्दार्थच सुचवितो.