बाघोरची शिला आणि गळालेले प्रश्नचिन्ह : एका अन्वयार्थाची चिकित्सा

मध्यप्रदेशातील सिधी जिल्ह्यात, सोन नदीच्या खोऱ्यात बाघोर हे उत्तर पुराश्मयुगीन स्थळ आहे. जी. आर. शर्मा व जे. डेस्मंड क्लार्क यांच्या पथकाला १९८०च्या दशकाच्या आरंभी येथील उत्खननात वालुकाश्माच्या तुकड्यांचा साधारण वर्तुळाकार चौथरा आणि सुमारे १५ सें.मी. उंचीची एक शिला मिळाली. शिलेवर एकात एक त्रिकोण भासावेत असे नैसर्गिक पट्टे आहेत. तिचा काळ इ.स.पू. ९००० ते ८००० मानला गेला. परिसरातील कोल व बैगा आजही अशाच शिला देवी म्हणून पूजतात. या साम्याच्या आधारे केनॉयर, क्लार्क, पाल व शर्मा यांनी १९८३ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात हे देवस्थान असावे, असे मांडले. मात्र लेखाच्या शीर्षकात त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवले होते. लोकप्रिय लेखनात ते गळाले आणि बाघोर हे 'शक्तिपूजेचे आद्यपीठ' ठरले.

येथे दोन विधाने वेगळी करणे अगत्याचे आहे. शिला हेतुपुरस्सर मांडली होती, हे पहिले विधान उत्खननावर आधारलेले आहे. ती देवी होती, हे दुसरे विधान केवळ साम्यावर उभे आहे. असे पट्टे असलेला दगड निसर्गतःच लक्षवेधी असतो. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतील माणसांनी तो स्वतंत्रपणे निवडला असण्याचीही शक्यता उरते. आकार टिकला म्हणून अर्थही टिकला, असे म्हणता येत नाही. मधल्या सहस्रकांचे दुवे या मांडणीत नाहीत.

दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील देवस्थानांचा विचार करताना तांदळ्यांच्या साम्यावर विसंबून न राहता सूक्ष्मास्त्रे आणि प्राचीन वाटा यांचाही आधार घेतला. साम्याला स्वतंत्र पुराव्याची जोड देण्याची ही पद्धती येथे मार्गदर्शक ठरते.

अखंड परंपरेच्या आग्रहाचा आणखी एक परिणाम संभवतो. कोल-बैगांची आजची श्रद्धा अश्मयुगाचा अवशेष ठरते आणि त्यांचा स्वतःचा इतिहास पुसला जातो. या समाजांची स्थलांतरे, त्यांनी केलेले बदल व स्वीकार यांना मग जागाच उरत नाही.

सारांश, बाघोरच्या शोधाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि मूळ संशोधकांनी शीर्षकात ठेवलेले प्रश्नचिन्ह हा त्या शोधाचाच भाग आहे. अध्यापनात शिलेबरोबर तेही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.