संग्राहकांचे वाचन

ग्रंथ जमविणाऱ्या दोन गृहस्थांची गाठ पडली की संभाषण कोणत्या वळणाने जाते, हे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. आवृत्ती कितवी, बांधणी मूळची की नंतरची, मिळाला कोठे, पडला कितीला. ग्रंथात काय आहे हा प्रश्न सहसा निघत नाही. चुकून निघालाच तर चहा येतो आणि विषय पालटतो. वास्तविक संग्राहकांनी आपले अलीकडचे वाचन परस्परांस कळविणे ही युरोपीय वाङ्मयातील एक जुनी आणि रसाळ परंपरा आहे. तिची पारख करण्यासाठी चौदाव्या शतकातील दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे आम्हांस वाटते. एक, डरहॅमचे बिशप रिचर्ड डी बरी यांच्या नावावरील 'फिलोबिब्लॉन', म्हणजे ग्रंथप्रेम. दुसरे, इटालियन कवी पेत्रार्क याचा पत्रसंग्रह. दोन्ही मूळ लॅटिनमध्ये आहेत.

या दोघांची प्रत्यक्ष भेट १३३३ साली आव्हिन्यों येथे झाली. पोपमहाशयांचे वास्तव्य त्या काळी रोमऐवजी तेथेच होते आणि रिचर्ड इंग्लंडच्या राजाचे वकील म्हणून आले होते. प्राचीनांनी उल्लेखिलेले उत्तरेकडील थूली बेट नेमके कोठे असावे, असे पेत्रार्कने त्यांना विचारले. घरी परतलो की आपल्या ग्रंथांत पाहून कळवितो, असे आश्वासन मिळाले. पेत्रार्कने पुढे स्मरणपत्रे धाडली. उत्तर आले नाही. रिचर्ड त्याच वर्षी बिशप झाले, पुढच्या वर्षी राज्याचे चॅन्सेलर झाले. कामाचा व्याप मोठा होता हे मान्य. तथापि इंग्लंडातील इतर सर्व बिशपांकडे मिळून नसतील इतके ग्रंथ ज्यांच्यापाशी होते, ज्यांच्या शयनगृहात ग्रंथांमुळे पाय ठेवण्यास जागा नसे असे त्यांचा चरित्रकार सांगतो, त्यांच्याकडून एका ओळीचे उत्तर निघू नये, यात आम्हांस 'फिलोबिब्लॉन'च्या उणिवेची किल्ली सापडते.

ग्रंथ वाचनीय आहे यात शंका नाही. १३४५ च्या जानेवारीत, मृत्यूपूर्वी अवघे काही आठवडे, तो पूर्ण झाला. (तो रॉबर्ट होलकॉट या डोमिनिकन पंडिताने लिहून दिला असावा असेही एक मत आहे.) त्याच्या वीस प्रकरणांपैकी सतरावे तर आमच्या घरोघरी वाचून दाखवावे असे आहे. वाहते नाक ग्रंथावर गळू देणारा, मळक्या नखाने खुणा करणारा, खुणेसाठी गवताच्या काड्या घालून त्या तशाच कुजू देणारा, उघड्या पानांवर फळे व चीज खाणारा विद्यार्थी तेथे असा रंगविला आहे की वाचक हसता हसता स्वतःची बोटे पाहतो. ग्रंथ इतरांना कसे द्यावेत याचे नियमही पुढे आहेत. पण एवढ्या पानांत ग्रंथांची थोरवी गाणारे बिशप एखाद्या विशिष्ट ग्रंथाने आपल्याला कोठे अडविले, कोठे रडविले, कोठे मत बदलावयास लावले, हे क्वचितच सांगतात. अवतरणे विपुल आहेत, वाचणारा माणूस दिसत नाही. ग्रंथ कसे मिळविले हे मात्र ते मोकळेपणाने सांगतात: लोकांना त्यांची आवड ठाऊक असल्याने नजराण्यात नाण्यांऐवजी पोथ्या येत. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतींनी मठाची कामे मार्गी लागावीत म्हणून त्यांना चार ग्रंथ भेट दिले आणि आणखी बत्तीस ग्रंथ पन्नास पौंडांस विकले. मठवासीयांना हे रुचले नाही, आणि न रुचावे हेच योग्य होते. रिचर्ड यांनी काही ग्रंथ पुढे परत केले हेही नमूद केले पाहिजे. संग्रह ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना मिळावा ही त्यांची इच्छा होती. परंतु ते कर्जात वारले आणि ग्रंथ पांगले.

पेत्रार्कचा संग्रहही अखेर पांगलाच. १३६२ साली त्याने तो व्हेनिसला देऊ केला होता. प्रत्यक्षात बराचसा भाग पादुआ आणि पाव्हिया येथून फिरत फ्रान्सला गेला. फरक पत्रांत आहे. १३४५ साली व्हेरोनाच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात त्याला सिसरोची खासगी पत्रे सापडली. त्याने ती स्वहस्ते उतरून काढली, आणि चौदा शतकांपूर्वी मेलेल्या सिसरोलाच पत्र लिहून विचारले, की तुम्हांसारख्या तत्त्वज्ञाने म्हातारपणी राजकारणाच्या भांडणात कशाला पडावे? वाचनाची याहून जिवंत वार्ता आमच्या पाहण्यात नाही. तीच जाड वही पुढे त्याच्या पायावर पडून जखम चिघळली, तेही तो मित्राला थट्टेने कळवितो. ग्रीक भाषेतील होमर हाती आला तेव्हा आपल्याला तो वाचता येत नाही, हे त्याने १३५४ साली देणाऱ्यालाच स्पष्ट लिहिले. न वाचलेल्या ग्रंथाविषयी इतके प्रांजळ किती संग्राहक असतात?

प्रत उतरून घेणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले ते भाविकांनी उतरून जपलेल्या हस्तलिखितांवरून.

पेत्रार्कलाही एक कोपरा झाकून ठेवावासा वाटला. बोकाच्चोने त्याला दान्तेच्या महाकाव्याची प्रत आवर्जून पाठविली होती. १३५९ साली त्यालाच लिहिलेल्या पत्रात पेत्रार्क म्हणतो, की इतर ग्रंथांमागे धावत असतानाही तरुणपणी हा ग्रंथ आपण मुद्दाम घेतला नाही, कारण नकळत अनुकरण घडेल ही भीती होती. मत्सर मुळीच नव्हता. हा खुलासा आम्हांस पटत नाही. मत्सर नाही हे सांगण्यास त्याला फार शब्द लागतात.

मात्र याच दोघांत १३६२ साली झालेला पत्रव्यवहार आम्ही या साऱ्यात श्रेष्ठ मानतो. एका दिवंगत कार्थुसियन व्रतस्थाचा निरोप घेऊन एक जण बोकाच्चोकडे आला: मरण जवळ आहे, काव्य सोड. घाबरलेला बोकाच्चो सर्व पुस्तके विकावयास निघाला. पेत्रार्कने त्याला समजाविले, की मरण जवळ आहे हे सर्वांनाच लागू आहे आणि विद्या भक्तीच्या आड येत नाही. तरीही विकणारच असशील तर यादी व किंमत कळव, मी घेतो, आपल्या दोघांची पुस्तके आपल्यामागे एकाच धर्मस्थळी एकत्र राहोत. या उत्तरात धर्मश्रद्धा आहे, मैत्री आहे आणि संग्राहकाची हावही लपलेली नाही. बोकाच्चोने पुस्तके विकली नाहीत. मृत्युपत्रात ती फ्लॉरेन्सच्या ऑगस्टिनियन मठातील फ्रायर मार्तिनो यांना देताना, त्यांनी इच्छेस येईल त्याला प्रत करू द्यावी आणि त्यांच्यानंतर ग्रंथ मठाला जावेत, असे त्याने लिहून ठेवले.

पेत्रार्कचे सर्वांत लाडके पुस्तक मुठीत मावेल एवढे होते: संत ऑगस्टीन यांचे 'कन्फेशन्स'. ते त्याला दिओनिजी नावाच्या ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी दिले होते. १३३६ साली मों व्हांतूच्या शिखरावर त्याने उघडले ते हेच. पुढे अनेक वर्षांच्या प्रवासात ते झिजले. अखेरच्या दिवसांत त्याने ते लुईजी मार्सिली या तरुण ऑगस्टिनियनास देऊन टाकले, आणि सोबतच्या पत्रात अव्हेरोएसच्या मतांचे खंडन करणारे पुस्तक लिहिण्याचे कामही त्याच्यावर सोपविले.