नटाचे राजकारण आणि निळू फुले

रिचर्ड डायर यांच्या 'स्टार्स' (1979) या ग्रंथापासून नटाच्या प्रतिमेचा विचार पडद्यावरील भूमिका आणि पडद्याबाहेरील जीवन या दोन्ही अंगांनी होऊ लागला. हॉलिवूडच्या उदारमतवादी नटांना ही चौकट सहज लागू पडते. 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मधील (1962) वकील अ‍ॅटिकस फिंच आणि नागरी हक्कांचा पाठीराखा ग्रेगरी पेक परस्परांना पूरकच ठरतात. भूमिकेचे पुण्य नटाच्या राजकारणाला लाभते.

निळू फुले (1930–2009) यांच्यापाशी मात्र ती अडखळते. 'सामना'तील (1975) हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याच्या बळावर माजलेला सत्ताधीश. त्याला साकारणारा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला समाजवादी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. श्रीराम लागूंचा सोबती. पडद्यावर दुष्ट, घरी सज्जन असे म्हणून मोकळे होण्याची आपल्या चरित्रपर समीक्षेची सवय मला आळशीपणाची वाटते. सत्तेची भाषा कार्यकर्त्याने जवळून ऐकलेली असते. हिंदुरावाच्या थंड, सावकाश बोलण्यात ते ऐकणे मुरलेले आहे. येथे राजकारण भूमिकेबाहेर नाही, अभिनयातच आहे.

सुरगाण्यात वर्गात 'सामना' दाखविला. हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या घरांतील ती मुले. फुल्यांचे सेवादल त्यांना ठाऊक नव्हते, हिंदुराव मात्र लगेच ओळखीचा वाटला. एकाने विचारले, "सर, हा नट कुणाच्या बाजूचा?" मी चरित्र सांगितले नाही, हिंदुरावाचा प्रसंग पुन्हा लावला.